रिकाम्या चौकटीतलं नाव

आमच्या वऱ्हाडात कोणाला रस्ता विचारून पाहा. माणूस गाडीवरून उतरेल, हात लांबवून चार खुणा सांगेल, वेळ पडली तर कोपऱ्यापर्यंत सोबत येईल. पण त्याला रस्ता माहीत नसला, तर तो "माहीत नाही" म्हणेल? नाव नको. दारात आलेल्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून तो काहीतरी सांगणारच, आणि तुम्ही मोर्शीला जायचे ते पांढुर्ण्याच्या रस्त्याला लागणार. यात कपट काही नसतं. उत्तर न देणं आमच्याकडे असभ्यपणा धरतात.

अशा गावात जेबा भर मीटिंगमध्ये अध्यक्षाच्या तोंडावर "माहीत नाही" म्हणायची, आणि वरून हसायची. मला तिचा राग येई. तसा मला सगळ्यांचाच येतो. माझी बायको म्हणते, खुशालराव जेवणाआधी भूक लागली म्हणून चिडतात आणि जेवल्यावर पोट भरलं म्हणून. पण या पोरीबद्दल मला आज जे वाटतं ते रागाच्या पार पलीकडचं आहे. म्हणून तर हे लिहायला बसलो.

वरूडच्या संत्रावाल्या शेतकऱ्यांची आमची एक कंपनी आहे. मेंबर लोकांना कलमं पुरवायची, बगीच्यातलं फळ गोळा करायचं, पॅक करून ट्रकात घालायचं, हा धंदा. मी तिचा एक संचालक, म्हणजे मीटिंगमध्ये चहा पिऊन भांडणारा माणूस. सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर. त्यांची देखभाल करायला आम्ही जेबाला नेमलं. मूळची वलगावची. बाप गयासुद्दीनभाई, त्यांचं तिथं मोटर वाइंडिंगचं दुकान. पोरगी अकोल्याला होस्टेलात राहून कॉम्प्युटर शिकली आणि आता वरूडला आपल्या खालाकडे, मावशीकडे, राहते. घरी उर्दू बोलते, आमच्याशी ठसक्यात वऱ्हाडी, आणि चहा पातळ झाला तर दोन्ही भाषांत भांडते.

पहिल्याच दिवशी मी तिला सोपा प्रश्न टाकला होता, मागच्या हंगामात कलमं किती गेली? आमचा मॅनेजर रोहित बटण दाबून असा आकडा सांगायचा. जेबा म्हणाली, थांबा काकाजी, माझी याच्याशी अजून ओळख नाही. आणि कलमांबद्दल एक अक्षर न विचारता ती कॉम्प्युटरला त्याच्याचबद्दल विचारत बसली. तुझ्यात टेबलं कोणती? कोणत्या टेबलात कोणते कॉलम? मी म्हटलं, बापा, ही कामाला आली का सोयरीक जुळवायला? पोरगा काय कमावतो ते राहिलं बाजूला, कुळाचीच चौकशी चालली. ती म्हणाली, कुळ कळलं की पोरगा खरं बोलतो का ते कळते.

तिनं मला समजावलं ते मला जसं समजलं तसं सांगतो. डेटाबेस म्हणजे टेबलांचा संसार. एका टेबलात शेतकरी, एकात बगीचे, एकात नर्सऱ्या, एकात वाटलेली कलमं. हे सगळं आपण भरतो. पण याच्या मागे डेटाबेस स्वतःची एक वेगळी कोठी ठेवतो, तिला सिस्टीम कॅटलॉग म्हणतात. त्या कोठीत आपलं काही नसतं, त्याचं स्वतःचं असतं. टेबलं कोणती, कोणत्या कॉलमात आकडा चालतो आणि कोणत्यात अक्षर, कोणता कॉलम रिकामा सोडला तर चालतो, कोणतं टेबल कोणाच्या भरवशावर उभं आहे. गंमत म्हणजे ही कोठीसुद्धा टेबलांचीच बनलेली, त्यामुळे बाकीच्यांना विचारतो तसेच तिलाही प्रश्न विचारता येतात. आणि ती कोणी बसून भरत नाही. टेबल बनलं की तिथं नोंद होते, टेबल बदललं की ती नोंद बदलते. जेबाचं म्हणणं असं, की बाकीच्या टेबलांत माणसं चुकीचं भरू शकतात, पण टेबलाची घडण कशी आहे हे ती कोठी बरोबरच सांगते.

ही सवय तिला बापाकडून आली. गयासुद्दीनभाईंकडे जळलेली मोटर आली की गिऱ्हाईक मोठमोठ्यानं काय झालं ते सांगतं. भाई ऐकून घेतात, मान हलवतात, आणि सगळ्यात आधी मोटरीवरची माहिती कोरलेली पत्र्याची पट्टी पुसून वाचतात. पोरगी लहानपणी दुकानात बसून हे पाहायची. मोटरीला काय झालं ते गिऱ्हाईक सांगते, पण मोटर काय हाय ते मोटरच सांगते, हे भाईंचं वाक्य तिच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं की मला त्याचाही राग यायला लागला होता.

आता पार्बताबाईबद्दल सांगतो, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

गावाबाहेर नाल्याच्या काठी पार्बताबाईची लहानशी नर्सरी आहे. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, खुंटावर संत्र्याच्या काडीवरचा डोळा बांधायचा, म्हणजे कलम तयार होतं. त्या कामात तिचा हात धरणारं आमच्या तालुक्यात कोणी नाही. डोळे घ्यायची ती अंगणातल्या एकाच झाडाचे. लग्न होऊन आल्यावर तिनं स्वतः बांधलेलं पहिलं कलम ते. त्या झाडाला ती थोरली म्हणायची. पोटच्या दोन पोरी पुढं झाल्या, पण थोरली झाडच राहिली. पोरीही कौतुकानं सांगायच्या की आमच्यात थोरली अंगणात उभी राहते.

कंपनी सुरू झाली तेव्हा नोंदवलेली नर्सरी एकटी पार्बताबाईची होती. कॉम्प्युटर आला, अमरावतीच्या एका पोरानं प्रोग्राम बनवून आणला, आणि पहिली नोंद कोणाची करायची यावर दुमत झालंच नाही. ज्याचा मान त्याला. तिला बोलावलं, तिनं नवं लुगडं नेसलं, कॉम्प्युटरपुढं नारळ फोडला. पाणी कीबोर्डवर उडालं म्हणून तो पोरगा ओरडला आणि आम्ही सगळे हसलो. नर्सरी नंबर एक, पार्बताबाई. पुढं दुसऱ्या नर्सऱ्या आल्या, बाहेरून ट्रकानं येणारी कलमं वाढली, पण नंबर एक तिचाच राहिला.

गेल्या पावसाळ्यात काही मेंबरांचे कोवळे बगीचे आजारी पडले. पानं पिवळी, मग शेंडे वाळले, मग झाडच वाळलं. पोरासारखी वाढवलेली झाडं डोळ्यांदेखत जाताना पाहणं काय असतं ते संत्रावाल्यालाच विचारा. पानं प्रयोगशाळेत पाठवली. तिथून कळलं की हा रोग डोळ्यातून येतो. ज्या झाडाचा डोळा घेतला त्या मूळ झाडातच दोष असला, तर तो प्रत्येक कलमात उतरतो. म्हणजे ते मूळ झाड शोधणं आलं. तातडीची मीटिंग भरली. जेबा तेव्हा रजेवर, वलगावला बहिणीच्या, शाइस्ताच्या निकाहला. रोहितनं बटण दाबलं आणि आजारी बगीच्यांची कलमं कोणत्या नर्सरीची ते भिंतीवर दाखवलं. एकाखाली एक, सगळीकडे एकच नाव. नर्सरी नंबर एक, पार्बताबाई.

 मीसुद्धा त्या दिवशी भांडलो नाही, म्हणजे पाहा. शेवटी ठरलं ते रीतीला धरूनच होतं. थोरलीची पानं तपासायला पाठवायची, तोवर या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही. पण वरूडसारख्या गावात उचलली जीभ लावली टाळ्याला. संध्याकाळच्या आत कोणीतरी तिला फोन करून सांगितलं की तुझ्या झाडानं लोकांचे बगीचे खाल्ले, कॉम्प्युटरात निघालं.

तिनं तपासणीची वाट पाहिली नाही. सकाळीच दोन माणसं बोलावली, झाड कापलं, मुळासकट खणून काढलं, आणि रोग पसरू नये म्हणून त्याच खड्ड्यात पानाफांद्यांसकट पेटवून दिलं. मला कळलं तेव्हा मी गाडी काढून गेलो. खड्डा धुमसत होता. ती ओट्यावर बसली होती, हात मांडीवर टाकून, जसे काही ते तिचे नव्हतेच.

मी म्हटलं, वयनी, आधी मला तरी विचारायचं.

"काय इचारू भाऊ? माह्या पोरीनं लोकायची पोरं मारली. मंग तिले अंगनात कशी ठेवू?"

मला रडू आलं. साठीच्या माणसाला दुसऱ्याच्या अंगणात झाडासाठी रडू येतं हे ज्याला हसायचं त्यानं हसावं. तिनं मला पाणी दिलं आणि त्या दिवसापासून कलम बांधणं बंद केलं.

जेबा परत आली ती निकाहच्या मिठाईचा डबा घेऊन. मी तिला काय झालं ते सांगितलं. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि कोणाला मिठाई न देता कॉम्प्युटर सुरू केला. कलमांच्या नोंदी खालीवर करून पाहत राहिली. मग मला जवळ बोलावलं. मोबाइल नंबरचा कॉलम पाहा म्हणाली. अर्ध्यांचा रिकामा. गट नंबर पाहा. बऱ्याच जणांचा रिकामा. लावणीची तारीख तर विचारूच नका. आणि नर्सरीचा कॉलम? वरून खालपर्यंत गच्च भरलेला, एकही चौकट रिकामी नाही.

"हा वरूडच्या मानसायनं भरलेला फॉर्म हाय, काकाजी. याच्यात एक कॉलम असा नीट कसा भरला?"

मला हसू आलं, कारण बोलणं खरंच होतं. पण ती हसत नव्हती. तिनं त्या मागच्या कोठीला प्रश्न टाकला की या टेबलाचा नर्सरीचा कॉलम बनलाय कसा. उत्तराची एकच ओळ आली. तिच्यावर बोट ठेवून तिनं मला वाचून दाखवलं. हा कॉलम रिकामा चालेल का, तर नाही. आणि माणसानं काहीच भरलं नाही तर काय धरायचं, ज्याला डीफॉल्ट म्हणतात? तिथं होतं, एक.

मी म्हटलं, म्हणजे काय? ती म्हणाली, म्हणजे भरणाऱ्यानं ती जागा सोडून दिली की कॉम्प्युटर आपल्या मनानं तिथं एक नंबर टाकतो. आणि एक नंबर कोणाचा?

मी खुर्चीवर बसलो. नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं तो दिवस माझ्या डोळ्यांपुढं आला. त्या पोरानं प्रोग्राम बनवला तेव्हा नर्सरी एकच होती, म्हणून भरणाऱ्याचा त्रास वाचावा असं त्यानं करून ठेवलं असेल. चांगल्या मनानंच केलं असेल. पुढं नर्सऱ्या वाढल्या, ते तसंच राहिलं. कोणाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही ही आमची रीत आम्ही त्या यंत्रालाही शिकवून बसलो. त्याला माहीत नसलं की ते पार्बताबाईकडे बोट दाखवायचं.

रोहितला बोलावलं. पोरगा सरळ आहे. हंगामात ट्रॅक्टर दारात उभे असतात, मेंबर डोक्यावर ओरडतात, ट्रकात चार ठिकाणची कलमं मिसळलेली असतात. तेव्हा तो नर्सरीची चौकट सोडून पुढं जायचा, आणि नोंद सेव्ह केल्यावर पाहिलं तर चौकट भरलेली दिसायची. त्याला वाटायचं, आपोआप आलं म्हणजे कॉम्प्युटरला माहीतच असणार. त्याच्यावर मला ओरडता येईना. मीही तसंच समजलो असतो.

पुन्हा मीटिंग भरली. जेबानं ती ओळ भिंतीवर दाखवली आणि रोहितनं उभं राहून आपला अनुभव सांगितला. अध्यक्ष म्हणाले, म्हणजे ती कलमं पार्बताबाईची नव्हती असं म्हणायचं का? जेबा म्हणाली, तसंही म्हणता येत नाही. काही खरंच तिची असतील, काही दुसऱ्यांची. कोणतं नाव माणसानं टाकलं आणि कोणतं यंत्रानं, हे आता वेगळं काढता येत नाही. अध्यक्षांनी विचारलं, मग झाडं मारली कोणी?

"माईत नाही," जेबा म्हणाली.

या वेळी मात्र ती हसली नाही. मग मी उठलो. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण, असं आणि त्याहून पुष्कळ बोललो. ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी ठरलं की पार्बताबाईकडे आम्ही दोघांनी जायचं.

रस्त्यानं मी जेबाला बजावलं, जाऊन पहिलं वाक्य एकच बोल, की तुमच्या झाडात दोष नव्हता.  नर्सरीत गेलो तर रोपांच्या गाद्यांवर गवत माजलेलं, जंबेरीचे खुंट बांधायचे तसेच उभे. अंगणातल्या खड्ड्यात राख बसलेली. जेबानं तिला सगळं नीट सांगितलं. रिकामी चौकट, त्यात आपोआप पडणारा एक, एक नंबरचं तिचं नाव. पार्बताबाई मन लावून ऐकत होती. कॉम्प्युटर ती कधी शिकली नाही, पण रिकाम्या जागी आपलं नाव कोणी घातलं तर काय होतं, हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं.

"मंग थोरलीत दोष नव्हता?"

मी जेबाकडे डोळे वटारले. एका शब्दाचं काम होतं. म्हातारीच्या छातीवरचा दगड उतरला असता.

"माईत नाही, मावशी. कॉम्प्युटरले माईत नाही, एवढंच मले समजलं."

त्या क्षणी त्या पोरीला गाडीत बसवून थेट वलगावला नेऊन सोडावं असं मला वाटलं. पण पार्बताबाई तिच्याकडे वळून म्हणाली, बरं झालं बाई, इतके दिवस जो येतो तो मला माझ्याच झाडाबद्दल सांगून जातो. मग तिनं आम्हाला बसायला सतरंजी टाकली. थोरलीबद्दल खरं काय ते कळल्याशिवाय आपला हात पुन्हा डोळा बांधणार नाही, हेही तिनं तेव्हाच सांगितलं. रागानं नाही, भाजी संपली म्हणावं तसं.

आता प्रश्न सरळ होता आणि वाट बंद होती. थोरली जळाली, तिचं पानही उरलं नव्हतं. तिचं एखादं कलम, तिचं एखादं पोर कुठं सापडलं तर त्याची पानं तपासता आली असती. थोरलीत दोष असता तर तो तिच्या पोरात दिसलाच असता. पण तिची पोरं कोणत्या बगीच्यात आहेत? कॉम्प्युटरला विचारावं तर तो अर्धा तालुका तिच्या नावावर दाखवतो. मी म्हटलं, सुरुवातीच्या हंगामात तरी एकटी तिचीच नर्सरी होती ना, त्या नोंदी खऱ्या धरू. जेबा म्हणाली, रोहित सांगतो, तेव्हाही नोंद नसलेल्या लोकांची थोडी कलमं ट्रकानं यायची, त्यांनाही एक नंबरच लागला.

त्यानंतर जेबानं ऑफिसात एक काम केलं, त्यावरून मी पुन्हा चिडलो. जुन्या नोंदींची एक प्रत तिनं जपून ठेवली. मग तो डीफॉल्ट काढून टाकला, तो कॉलम रिकामा ठेवायची मुभा दिली, आणि ज्या नोंदींत एक होता त्या सगळ्यांत ती चौकट रिकामी केली. बटण दाबलं तर आता नंबर एकच्या नावावर अख्ख्या तालुक्यात एकही झाड नव्हतं. मी म्हटलं, अगं, हाच का तुझा न्याय? सगळ्यात जास्त कलमं बांधली त्या बाईच्या नावावर शून्य? ती म्हणाली, शून्य नाही काकाजी, रिकामं. माहीत नाही म्हणजे शून्य नाही.

मग ती एकटीच पार्बताबाईकडे गेली. काय विचारलं ते मला नंतर कळलं. टेबलाला विचारायची तेच तिनं झाडाबद्दल विचारलं. झाडावर झाडाची स्वतःची अशी कोणती माहिती असते, जी कोणी भरत नाही? मावशी, तुमच्या हातचं कलम ओळखायचं कसं?

पार्बताबाईला प्रश्नच आधी कळेना. ओळखायचं काय त्यात? मग कसं बांधते ते दाखवायला ती एका खुंटापाशी बसली आणि तिचा डावा हात आपणहून जमिनीला गेला. अंगठा मातीला टेकलेला, बोटं पसरलेली, करंगळीचं टोक सालीला. करंगळी टेकते तिथं डोळा भरायचा. तिची वीत लहान, बोटं आखूड. बाकीचे बांधणारे सोयीनं बांधतात, कोणी चार बोटांवर, कोणी ढोपराजवळ. ही आयुष्यभर आपल्या वितेवर बांधत आली, आणि आपण मोजतो हे तिलाही माहीत नव्हतं. झाड वर वाढतं, बुंधा जाड होतो, पण जोड जिथं बांधला त्याच उंचीवर राहतो. हे मलाही माहीत होतं की. संत्र्यात आयुष्य गेलं माझं, पण त्याचा उपयोग मला सुचला नाही.

गाडी माझी, डिझेल माझं, आणि मागच्या सीटवर पार्बताबाई. पहिले आजारी बगीचे घेतले. ती प्रत्येक झाडापाशी खाली बसायची, अंगठा मातीला टेकवायची. जोड कुठं वर, कुठं खाली, एका ओळीत चार तऱ्हा. ती मान हलवायची आणि उठायची. तिचे गुडघे कुरकुरायचे ते मला ऐकू यायचे. एकही झाड तिच्या वितेत बसलं नाही. मला वाटलं झालं, सुटली ही. पण तिचा चेहरा तसाच. माझ्या हातचं एक तरी दाखवा, मग बोलू, असं तिचं म्हणणं.

नदीपलीकडे पुंजाराम म्हणून एक मेंबर आहे, लहानसा बगीचा, अंबिया बहाराची, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलांची, फळं पिवळी व्हायला लागलेली. त्याला कलमं कुठून आणली ते आठवत नव्हतं. म्हणजे खरं सांगायचं तर त्यानं आधी दोन नावं ठोकून दिली, आणि जेबानं नुसतं पाहिल्यावर म्हणाला, नाही आठवत. बांधाकडच्या पहिल्याच झाडापाशी पार्बताबाई बसली. अंगठा मातीला, बोटं बुंध्यावर. करंगळी बरोबर जोडावर टेकली. ती उठली नाही. बसल्या बसल्याच सरकत दुसऱ्या झाडाकडे गेली, मग तिसऱ्या. अख्खी ओळ तिच्या वितेत बसली. फळांनी फांद्या वाकलेल्या, पानं गर्द. ती बुंध्याला हात लावून राहिली, जत्रेत चुकलेलं पोर सापडल्यावर आई आधी त्याचं अंग चाचपते तसं.

जेबानं मोबाइल काढला. नोंद उघडली, नर्सरीची चौकट रिकामी. ती भरायच्या आधी तिनं मावशीला समजावलं, की पानं अजून तपासलेली नाहीत, आज नाव टाकलं आणि उद्या दोष निघाला तर तो तुमच्या नावापुढं दिसेल, पाहिजे तर थांबू.

"दोष निंगो का नोको, हे माहं हाय," पार्बताबाई म्हणाली. "जे माहं हाय तिथं माहं नाव लिव, पोरी. जे नाही तिथं नोको लिवू."

जेबानं एक टाकला. आमच्या कंपनीत विचारून टाकलेला तो पहिला एक.

पुंजारामच्या ओळीतली पानं प्रयोगशाळेत गेली. निकाल आला तो जेबाच्या मोबाइलवर, आणि आम्ही दोघं लगेच निघालो. या वेळी तिला काय बोल आणि काय नको ते मी शिकवलं नाही. पार्बताबाई अंगणात होती. तिनं गाद्यांवरचं गवत काढलं होतं, खुंट साफ केले होते, फक्त डोळा बांधायचा राहिला होता. जेबानं सांगितलं, मावशी, पानं स्वच्छ निघाली. थोरलीत दोष नव्हता.

मला वाटलं म्हातारी आता हसेल. गाडीत पेढ्याचा पुडाही ठेवला होता मी. ती खड्ड्याकडे पाहत राहिली. पुंजारामनं पाठवलेल्या ओल्या काड्या तिच्या मांडीवर होत्या, थोरलीच्याच डोळ्यांतून वाढलेल्या झाडांच्या.

"मंग मी तिले काहून जाळली, पोरी?"

याचं उत्तर आमच्यापैकी कोणीही दिलं असतं. मीच चार देणार होतो. तुझी चूक नाही, यंत्राची चूक, नशीब, देवाची मर्जी. तोंडही उघडलं होतं. जेबानं माझ्या हातावर हात ठेवून मला थांबवलं आणि ती पार्बताबाईशेजारी जमिनीवर बसली. मग पार्बताबाईनं एक काडी उचलली, खुंटापाशी अंगठा मातीला टेकवला, आणि करंगळी पोचली तिथं साल चिरली.